भ्या वाटतंय म्हणणाऱ्या बाई

कोल्हापुरात माणूस काहीही कबूल करील, पण आपण भ्यालो असं कधी सांगणार नाही. अंगावर कुत्रं आलं आणि पळत सुटला, तर नंतर म्हणेल, "बघूनच घेतलं असतं त्याला, पर टाइम न्हवता." दवाखान्यात सुई बघून घाम फुटला, तर "काय उकडतंय रे आज" म्हणून पंखा लावायला सांगेल. अशा गावात बाई एकट्याच होत्या, ज्या भूक लागली म्हणावं तितक्या सहज, चारचौघांत, मोठ्यानं म्हणायच्या, "मला भ्या वाटतंय."

मी मूळची गारगोटीची. नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि शिवाजी पेठेत मावशीकडं राहू लागले. कामाचा पहिलाच दिवस. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर मी फाइल घेऊन उभी होते आणि साहेब आत कुणावर तरी तोंड सोडून ओरडत होते. माझ्यापुढं एक ठेंगणी, चाळिशी उलटलेली बाई होती. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. तिनं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबली.

"साहेब, सही पायजे," ती म्हणाली. "पण मला तुमचं भ्या वाटतंय. तुमचं ओरडून झालं की हाक मारा. मी हितंच उभी हाय."

आतला आवाज एकदम बंद पडला. मग साहेब अगदी वेगळ्याच गळ्यानं म्हणाले, "या की बाई, या. मी कुठं ओरडतोय?"

बाहेरच्या टेबलांवर सगळे तोंड दाबून हसत होते. मला वाटलं, बाईनं साहेबांची फिरकी घेतली. पण सही घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातला कागद थरथरत होता. फिरकी नव्हती. बाई खरंच भ्याल्या होत्या. त्या नेहमी खरंच भ्यायच्या.

त्या कचेरीत टायपिस्ट होत्या. विधवा, एकच मुलगी, अकरावीला. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या वस्तीत दोन खोल्यांचं कौलारू घर. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि मेणबत्ती. पालीला त्या भ्यायच्या, विजेच्या बटणाला भ्यायच्या, लिफ्टला तर फारच. बिंदू चौकात रस्ता ओलांडताना शेजारच्या अनोळखी माणसाला सरळ सांगायच्या, "पावणं, मला या गाड्यांचं भ्या वाटतंय, जरा हात धरू का?" आणि धरायच्या. मोठमोठ्या मिशांची माणसं त्यांना लहान पोरासारखं पलीकडं नेऊन सोडायची. रिक्षात बसल्या बसल्या ड्रायव्हरला, "मामा, मी भित्री हाय, दमानं घ्या." एकदा सांगून टाकलं, की मात्र बाई जायच्या. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभ्या राहायच्या, पण चढायच्या. भ्या वाटलं म्हणून त्यांनी एखादी गोष्ट सोडली, असं मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "बाई, लोक हसतात. कशाला सांगायचं प्रत्येक वेळी?"

त्यांनी टाइपरायटरवरून हात काढला. "आमचे वडील पैलवान होते," त्या म्हणाल्या. "एक दिवस पहाटे छातीत कळ आली. आईला म्हणाले, काय न्हाई, गॅस धरलाय. आणि उठून तालमीत गेले. तिथं पोरं म्हणाली, अण्णा, तोंड पांढरं पडलंय, घरी जावा. तर म्हणाले, मला काय धाड भरलीया? आणि जोर मारायला खाली वाकले ते उठलेच न्हाईत. नुसतं म्हणायला पायजे होतं, मला भ्या वाटतंय म्हणून. दवाखाना तालमीच्या समोर होता."

आणि पुन्हा टाइप करू लागल्या.

पेठेतल्या एका मंडळाचा नवरात्रात सांस्कृतिक सप्ताह असायचा. एक दिवस व्याख्यान, एक दिवस भावगीतं, एक दिवस शाळांच्या नाचांच्या स्पर्धा, आणि एक दिवस 'खास महिलांसाठी'. त्या दिवशी वर्षानुवर्षं झिम्मा, फुगडी आणि उखाणे. त्याला कंटाळून आमच्या गल्लीतल्या महिला मंडळानं ठरवलं, यंदा एकांकिका करायची. बाईंनी आमच्या कचेरीच्या संमेलनात नाटकं बसवलेली होती, म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं. मावशीनं नाव ऐकलं, आडनाव ऐकलं आणि जरा गप्प झाली. "येऊ देत की," म्हणाली, "पर तालमी बालवाडीत घ्या. घरात नगंत."

मी हे लपवून बाईंना निरोप दिला, पण त्यांच्या ते ध्यानात आलंच. "तुझ्या मावशीला म्हणावं, मलापण तुमच्या पेठेत यायचं भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "बालवाडीच बरी."

बालवाडीच्या भिंतींवर अननसाची, गणपतीची चित्रं आणि बसायला वीतभर उंचीच्या खुर्च्या. त्यांत आमच्या शालनवहिनी मावायच्या नाहीत. शालनवहिनी पेठेत घरोघर दूध घालायच्या. खणखणीत आवाज, रुंद हाडं, शिव्या तोंडात. तालीम सुरू करायची बाईंची एक रीत होती. आधी प्रत्येकीनं आज आपल्याला कशाचं भ्या वाटतंय ते सांगायचं. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या. मग एक म्हणाली, "मी कुकर गॅसवर ठेवून आलीया, सासूबाई बंद करतील का न्हाई याचं." हशा झाला आणि तोंडं उघडली. कुणाला पोराच्या दहावीचं भ्या, कुणाला छातीतल्या गाठीचं, जी तिनं नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. बाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी स्वतः दवाखान्यात नेलं. गाठ साधी निघाली.

शालनवहिनी तेवढ्या रोज एकच सांगायच्या. "मला कशाचंच न्हाई."

"मग मला तुमच्याबरोबर काम करायचं भ्या वाटतंय," बाई म्हणायच्या. आणि पुढच्या बाईकडं वळायच्या.

आधी आम्ही एक हलकीफुलकी एकांकिका बसवत होतो. भाडेकरू आणि घरमालकीण असलं काहीतरी. मग एके दिवशी शालनवहिनींची पाळी आली आणि त्या बोलल्याच नाहीत. पदराशी चाळा करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आज मला भ्या वाटतंय."

"कशाचं?" बाईंनी विचारलं.

त्या आठवड्यात पेपरात एक बारकी बातमी आली होती. स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडून पेठेतली एक सून भाजून मेली. तसल्या बातम्या तेव्हा सारख्या यायच्या. आपण वाचायचो आणि पान उलटायचो. ही सून कबनूरकडची, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते.

"त्या घरात मी दूध घालती," शालनवहिनी म्हणाल्या. "पार स्वयपाकघराच्या दारापातूर जाती. वट्यावर गॅसची शेगडी हाय. खाली टाकी हाय. स्टोव्ह मी त्या घरात कवा बघितलाच न्हाई. त्यांच्याकडं तर गॅस होता, बाई."

"पोलिसांनी तुम्हाला विचारलं?"

"दूधवालीला कोण इचारतंय?"

ते घर कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते आबांच्या धाकट्या भावाचं घर. आबा म्हणजे मंडळाचे आधारस्तंभ. पेठेतल्या प्रत्येक फलकावर त्यांचं नाव याच शब्दाखाली लिहिलेलं असायचं. सांस्कृतिक सप्ताह त्यांचा, सभागृह त्यांच्या ताब्यात, पोरं त्यांची.

बाईंनी दोन्ही तळवे मांडीवर पुसले. "मलापण आता लई भ्या वाटाय लागलंय," त्या म्हणाल्या. "उद्यापासनं हेच बसवू या."

त्यांनी नाटक लिहून आणलं ते अगदी साधं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. एक नवी सून, तिचा दिवस. पाणी भरणं, चहा, बोलणी. माहेरी जाऊन येते म्हणून ती विचारते आणि दर वेळी तिला नवं कारण मिळतं. मग रिकामं स्वयंपाकघर आणि बाहेर जमलेल्या शेजारणी. एक म्हणते, स्टोव्ह भडकला म्हणे. दुसरी म्हणते, नशीब एकेकाचं. आणि शेवटी तिसरी, दूधवाली, हातातली दुधाची चरवी खाली ठेवून म्हणते, "त्यांच्याकडं तर गॅस होता." संपलं. सून मी होते, सगळ्यांत लहान म्हणून. दूधवाली अर्थातच शालनवहिनी.

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. तालमीच्या वेळी बालवाडीसमोर एक काळी मोटारसायकल येऊन उभी राहू लागली. वर दोघं पोरं. काही बोलायचे नाहीत. गाडी बंदही करायचे नाहीत. आम्ही आत वाक्यं म्हणायचो आणि बाहेर ते इंजिन नुसतं धडधडत राहायचं. माझ्या वाक्यांचा वेग आपोआप वाढायचा. बाई म्हणायच्या, "सावकाश. मलापण ऐकू येतंय ते."

मग कचेरीत फोन येऊ लागले. "बाई, तुम्हाला फोन." पलीकडं नुसता श्वास. बाई पहिल्यांदा "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. पुढच्या वेळी रिसीव्हर कानाला लावून म्हणाल्या, "मी घाबरले. ते काम झालं तुमचं. आता ठेवा, साहेबांचा फोन यायचा असतोय." पण त्या दिवशी त्यांनी टाइप केलेलं पत्र साहेबांनी तीनदा परत पाठवलं. अक्षरं एकमेकांवर चढली होती.

इकडं मावशी रडकुंडीला आली. "त्यांच्याशी वैर करून पेठेत कसं राहायचं गं? उद्या तुला काय झालं तर तुझ्या आईला कुठल्या तोंडानं सांगू?" मला झोप येईनाशी झाली. गल्लीत मागून गाडी आली की मी भिंतीला चिकटायची. एक दिवस मी बाईंना म्हणाले, "मला डिपार्टमेंटची परीक्षा द्यायचीय. अभ्यास होत नाही. मी नाटक सोडते."

"सोड की," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण परीक्षा म्हणून सोडू नको. सगळ्यांपुढं सांग, मला भ्या वाटतंय म्हणून सोडतेय. मग जा. कुणी काय म्हणणार न्हाई."

मी त्या संध्याकाळी बालवाडीत उभी राहिले. सांगायला तोंड उघडलं. समोर त्या सगळ्या, ज्या माझ्याइतक्याच भ्याल्या होत्या आणि तरी आल्या होत्या. मला ते सांगता आलं नाही. आणि दुसरं सांगायची सोय बाईंनी ठेवली नव्हती. म्हणून मी राहिले. यात शौर्य काही नाही.

शेवटी आबांचा निरोप आला. बाईंनी येऊन भेटावं. बाई म्हणाल्या, "एकटी जायचं मला भ्या वाटतंय." म्हणून मी आणि शालनवहिनी बरोबर गेलो.

मंडळाच्या कचेरीत आबा पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत बसले होते. बाजूला चार-पाच पोरं. आबा उठून उभे राहिले, हात जोडले. "या, बसा. काय घेणार? च्या सांग रे."

"च्या नको," बाई म्हणाल्या. "हात थरथरतोय, सांडंल. आबा, मला तुमचं भ्या वाटतंय. ते आधी सांगते."

आबा हसले. "माझं कशापायी? मी काय वाघ हाय? नाटक करा की. बायकांनी पुढं यायलाच पायजे, मी भाषणात नेहमी सांगतो. फकस्त ते शेवटचं वाक्य काढा."

"त्यात कुणाचं नाव न्हाई."

"म्हणूनच सांगतोय. नाव न्हाई तर वाक्य तरी कशाला?" मग म्हणाले, "आणि तुमी तुमच्या वस्तीत करा की काय करायचं ते. आमच्या पेठेतल्या घरात कशाला डोकावतासा?"

"मला हितल्या बायकांनी बोलावलंय, आबा. मी आपणहून आले न्हाई. मला तर यायचं भ्याच वाटत होतं."

एक पोरगा फस्सकन हसला. आबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो थांबला. मग आबा अगदी मायेनं म्हणाले, "तुमची लेक हुशार हाय म्हणं. सायकलवरनं जाती न्हवं कॉलेजला? रंकाळ्याकडनं? तिकडं रस्ता लई वाईट हाय बघा. ट्रकवाले आंधळ्यागत चालवत्यात. जपायला सांगा तिला."

बाई उभ्या होत्या, त्या हळूच मागं सरकल्या आणि भिंतीला टेकल्या. तोंड राखेसारखं झालं. मी त्यांना नेहमी भ्यालेलं बघत आले होते, पण हे वेगळं होतं. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. शालनवहिनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर बाईंना भडभडून उलटी झाली.

त्याच दिवशी मी एसटीडी बूथवरून गारगोटीला शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. बाईंच्या मुलीला काही दिवस आपल्याकडं ठेवशील का, विचारलं. कोण, कुठली, सगळं सांगितलं. मावशी माझ्या शेजारीच उभी होती, ती माझ्या हाताला धरून नको नको म्हणून मान हलवत होती. पलीकडं आईनं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी भ्यालीया न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग पाठवून दे की. इचारत काय बसलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाईंची लेक गारगोटीला गेली. बाईंनी तिला खिडकीतून डबा दिला, गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून ठेवला. आणि तालमीला आल्यावर आमच्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "शेवटचं वाक्य मी काढलंय. मला भ्या वाटलं म्हणून काढलंय. दुसरं काय कारण न्हाई. मला ते झेपत न्हाई."

शालनवहिनींनी फक्त विचारलं, "मग मी चरवी खाली ठिऊन काय करू?"

"नुसत्या उभ्या राहा."

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह कधी नव्हे तितकं भरलं होतं. 'खास महिलांसाठी'च्या दिवशी पुढच्या दोन ओळींत पुरुष बसले होते. मधोमध आबा. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि मागं सरले. बाई विंगेत संहिता घेऊन बसल्या होत्या. त्या कधीच स्टेजवर यायच्या नाहीत. प्रेक्षकांचं त्यांना सगळ्यांत जास्त भ्या. त्यांनी माझा हात हातात घेतला.

नाटक सुरू झालं. बायका सुरुवातीला कुजबुजत होत्या, हळूहळू गप्प झाल्या. मी "चार दिवस जाऊन येते" म्हणाले, तेव्हा मागून कुणीतरी हुंदका दिला. पहिल्या ओळीतून एक खुर्ची मोठ्यानं सरकली. एक पोरगा खोकला, मग दुसरा, मग सगळी ओळच खोकायला लागली. तरी आम्ही म्हणत राहिलो. शेवटच्या प्रवेशाला शेजारणी जमल्या आणि वीज गेली.

कुणी घालवली की आपणहून गेली, हे आजवर कळलेलं नाही. त्या सभागृहाला बाहेर पडायला एकच अरुंद दार होतं. अंधारात पुढून खुर्च्या आपटल्याचे आवाज आले. एक लहान पोर किंचाळलं. बायका उठल्या, एकमेकींवर आदळू लागल्या. "दार, दार" अशी ओरड सुरू झाली. मी विंगेत होते. माझ्या मनात एवढंच आलं, की आता इथं माणसं तुडवली जाणार.

तेवढ्यात माझ्या शेजारून साडी सळसळली. बाई अंधारात चाचपडत स्टेजच्या मधे गेल्या.

"बायांनो!" त्या ओरडल्या. आवाज फाटलेला, कापरा. "मी नाटक बसवणारी बाई बोलतेय. मी लई घाबरलेय. माझं पाय लटपटत्यात. तुम्हीपण घाबरला असाल. असूं दे. हाय तिथं खाली बसा. पोरांना मांडीवर घ्या. लाइट येईपर्यंत आपण सगळ्याजणी घाबरून बसू या."

आणि त्या स्वतः फळ्यांवर धपकन बसल्या. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग एकेक बाई खाली बसायला लागली. बांगड्या वाजल्या, पोरांना चुचकारल्याचे आवाज आले. हळूहळू इतकी शांतता झाली की बाहेरच्या पाणपोईचा नळ ऐकू यायला लागला.

त्या शांततेत चरवी खाली ठेवल्याचा आवाज आला. शालनवहिनी स्टेजवरच होत्या.

"त्यांच्याकडं तर गॅस होता," त्या म्हणाल्या.

ओरडून नाही. दारात उभं राहून शेजारणीला सांगावं तसं. कुणी टाळी वाजवली नाही. अंधारात मागच्या कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला, "व्हय, होता." थोड्या वेळानं दुसरीकडून, "मीबी बघितलाय." मग तिसरी, म्हातारी असावी, "होता की. होताच."

वीज आली तेव्हा आबा उभे होते. त्यांनी सवयीनं प्रेक्षकांकडं वळून हात जोडले. एकाही बाईनं नमस्कार केला नाही. ते निघून गेले, मागोमाग त्यांची पोरं. बाई अजून स्टेजवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. मी आणि शालनवहिनींनी त्यांना उचललं.

यातून पुढं फार काही झालं असं नाही. कुणाला अटक झाली नाही. अंधारात बोललेल्या बायका उजेडात बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. शालनवहिनींची पेठेतली निम्मी गिऱ्हाइकं तुटली; त्यांनी दुसऱ्या बाजूला दूध घालायला सुरुवात केली. बाईंच्या कौलांवर काही रात्री दगड पडले, म्हणून त्यांची लेक गारगोटीलाच राहिली. पुढच्या वर्षीपासून 'खास महिलांसाठी'च्या दिवशी पुन्हा उखाणे सुरू झाले.

पण त्या नाटकाचा आणखी एक प्रयोग झाला. तो पेठेत फारसा कुणाला माहीत नाही.

दिवाळीच्या आधी एक बाई कचेरीत आली. डोक्यावर पदर, केसांत सुताचे तंतू अडकलेले. शिपायाला विचारत विचारत बाईंच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मी कबनूरची. तुमी माझ्या पोरीचं नाटक केलासा म्हणं."

बाईंचे हात टाइपरायटरवर तसेच राहिले.

"मला दाखवा," ती म्हणाली.

बाईंनी तिला पुष्कळ समजावलं. ते बघून तुम्हाला त्रास होईल, त्यात काही नवीन नाही, ते खोटंच असतंय. ती नुसती उभी राहिली. "सगळ्या पेठंनं बघितलं," म्हणाली. "मी तेवढी ऱ्हायली."

एका रविवारी आम्ही कबनूरला गेलो. तिच्या घराशेजारी पत्र्याचा माग-कारखाना होता. मालकानं दुपारपुरते माग बंद ठेवले होते. आठवडाभर त्या खडखडाटात राहणाऱ्या वस्तीला ती शांतता सहन होत नव्हती. बायका उगीच मोठ्यानं बोलत होत्या. दोन मागांमधल्या जागेत आम्ही नाटक करायचं ठरवलं. त्या पोरीची आई समोर एका खोक्यावर बसली. माझ्यात आणि तिच्यात चार पावलांचं अंतर. सभागृहात भ्याले त्याच्या दसपट मी तिथं भ्याले. बाई मागाला टेकून उभ्या होत्या, हातात संहिता नव्हती.

मी पाणी भरलं. चहा केला. बोलणी खाल्ली. आई पापणी हलवत नव्हती. मग मी सासूसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "चार दिवस आईकडं जाऊन येऊ का?"

सासूचं काम करणारीनं तोंड उघडायच्या आत आई खोक्यावरून उठली. सरळ नाटकात आली. माझं मनगट धरलं.

"चल," ती म्हणाली. "इचारू नगंस कुणाला. चल घरी."

मी वळून बाईंकडं बघितलं. पुढं काय करायचं, मला कळत नव्हतं. बाईंचं तोंड भिजलं होतं. त्यांनी मान हलवली. जा.

आई मला हाताला धरून कारखान्याबाहेर घेऊन गेली. बोळ ओलांडून तिच्या घरात. चटईवर बसवलं. तांब्याभर पाणी दिलं. ताटात भाकरी आणि झुणका वाढला आणि समोर बसून राहिली. मी खाल्लं. ताटात काही ठेवलं नाही. ती एकेक घास बघत होती. सगळं संपल्यावर तिचे डोळे जरा वेगळे झाले, जणू मी कोण ते आत्ता दिसलं.

"तुझी आई हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय. गारगोटीला."

"कवा गेलतीस?"

मी गणपतीनंतर गेलेले नव्हते. तसं सांगितलं.

"आज जा," ती म्हणाली. "आत्ताच जा."

मी बाहेर आले तेव्हा बाकीच्या सगळ्या बोळात उभ्या होत्या. कारखान्यात कुणीतरी माग सुरू केले होते. बाईंनी ते नाटक पुन्हा कधी बसवलं नाही. त्या दिवशी मी आईकडं जाते म्हणाले, तर त्यांनी काहीही विचारलं नाही. माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि बाकीच्यांबरोबर आम्हीही कोल्हापूरच्या गाडीत बसलो. कोल्हापूरला पोचल्यावर आम्ही स्टँडवरच गाडी बदलली. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही दोघी गारगोटीला गेलो. मी माझ्या आईकडं, आणि बाई त्यांच्या लेकीकडं.